होर्मुझ की बाब-अल-मंदेब? आधी बंदराचं नाव बघा

‘तिकडे युद्ध पेटलंय, माल अडकला’ असं नागपुरात अजनीच्या कंटेनर डेपोत कुणी सांगितलं, तर आधी विचारायचं: कोणती सामुद्रधुनी? होर्मुझ आणि बाब-अल-मंदेब दोन्ही अरबस्तानच्या कडेला, दोन्ही तीसेक किलोमीटर रुंद. म्हणून बातम्यांत सरमिसळ होते. मालाची गत मात्र दोन्हीकडे वेगळी.

होर्मुझ इराण आणि ओमानच्या मधे. तिच्या आतलं आखात म्हणजे बंद गल्ली. जेबेल अली (दुबईचं बंदर), दम्माम, दोहा, कुवेत ही बंदरं सगळी आतच. संत्र्यांचा रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) जेबेल अलीला निघाला आणि होर्मुझ अडली, तर समुद्रातून वळसाच नाही. फुजैरा किंवा खोर फक्कानला, म्हणजे बाहेरच्या किनाऱ्यावर, उतरवायचं आणि पुढे ट्रकने दुबई. तिथे गर्दी झाली की रीफरला वीज देणारे प्लग कमी पडतात, आणि फळ थांबत नाही. तेलाचंही तेच: २०२४ मध्ये होर्मुझमधून रोज सुमारे २ कोटी बॅरल जात होतं, होर्मुझ टाळून यानबू (सौदीचं लाल समुद्रावरचं बंदर) आणि फुजैराला जाणाऱ्या पाइपलाइनींत एवढं मावत नाही.

बाब-अल-मंदेब येमेन आणि जिबुतीच्या मधे. पुढे लाल समुद्र, सुएझ, युरोप. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींचे (येमेनमधला सशस्त्र गट) जहाजांवर हल्ले वाढले, तेव्हा मोठ्या जहाज कंपन्या आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. न्हावा शेवा ते रॉटरडॅम १० ते १४ दिवस जास्त. युरोपला निघालेलं सूत पोहोचतं, पण उशिरा आणि महागात. जहाजं जास्त दिवस पाण्यात राहिली की रिकामे कंटेनर उशिरा परततात, आणि त्याची झळ युरोपला काहीच न पाठवणाऱ्यालाही बसते.

खरी फसगत सौदीच्या ऑर्डरीत होते. जेद्दा लाल समुद्रावर, दम्माम आखातात. ‘सौदी’ एवढंच लिहून भाडं ठरवू नका, बंदर लिहून घ्या. एलसीत (खरेदीदाराच्या बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रात) जहाजावर माल चढवण्याची शेवटची तारीख असते. कंटेनर मिळायला उशीर होणार असेल तर ती आधीच वाढवून घ्या.

विम्यात युद्धाची जोखीम वेगळी जोडावी लागते, आणि ती साधारणपणे माल जहाजावर असेपर्यंतच चालते. फुजैरा ते दुबई ट्रकवर ती नसते. आणि माल नुसता उशिराने सडला, तर सर्वसाधारण मरीन पॉलिसी भरपाई देत नाही, उशीर युद्धामुळे झाला असला तरी. संत्रेवाल्यांनी हे कलम रीफर भरण्याआधीच विमा एजंटाकडून वाचून घ्यावं.