शिकार : नीती, नियमन व विरोध

शिकार (मृगया, पारध) : वन्य प्राण्यास मारणे, पकडणे वा जायबंदी करणे, तसेच त्या हेतूने त्याचा पाठलाग करणे. भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील व्याख्या याहून व्यापक आहे. विष घालणे, फासे लावणे, हाका घालून प्राण्याला पुढे रेटणे, आमिष ठेवणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांची नासधूस करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे ही सर्व कृत्ये तीत येतात. प्रस्तुत नोंदीत शिकारीची हत्यारे व तंत्रे यांचा विचार केलेला नाही. शिकार कोणी, कोणाची, केव्हा आणि कोणत्या मर्यादेत करावी याविषयीचे विचार, आजचा कायदा आणि प्राणिकल्याणवादी संघटनांचा विरोध एवढाच तिचा विषय आहे.

प्राचीन विचार : मृगयेच्या बऱ्यावाईटाची चर्चा संस्कृत राजनीतिग्रंथांत मुख्यतः राजाच्या व्यसनांच्या प्रकरणात येते. मनुस्मृतीने कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेला पहिले स्थान दिले आहे; मद्यपान, द्यूत, स्त्रिया आणि मृगया हे चौकडे तिला सर्वांत घातक वाटते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणातील चर्चा अधिक बारकाईची आहे. मृगया आणि द्यूत यांत मृगया अधिक वाईट, असे पिशुन या आचार्याचे मत तेथे दिले आहे. चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, ठेच, वाट चुकणे, भूक व तहान ही त्याची कारणे. कौटिल्य ते मत खोडून काढतो. त्याच्या मते मृगयेत व्यायाम घडतो, कफ, पित्त, मेद व घाम यांचा निचरा होतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, आणि राग व भय या अवस्थांत प्राण्याचे मन कसे चालते ते कळते. कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकातील सेनापती जवळजवळ हाच युक्तिवाद राजापुढे मांडतो.

अर्थशास्त्राच्या काळाविषयी एकमत नाही. चंद्रगुप्त मौर्याचा अमात्य कौटिल्य हाच ग्रंथकर्ता ही परंपरा रा. प्र. कंगले यांनी ग्राह्य मानली. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शैलीच्या सांख्यिकीवरून अनेक लेखक संभवतात असे दाखवले, आणि पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी ग्रंथाची घडण इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे सुरू होऊन पुढील काही शतकांत पूर्ण झाली असे मानले आहे. हे उत्तरकालीन मत आता अधिक स्वीकारार्ह ठरत असले, तरी ग्रंथातील काही थर जुने असणे अशक्य नाही. काळ कोणताही धरला तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते : या वादातील दोन्ही बाजू शिकाऱ्याच्या हिताहिताविषयी बोलतात. मरणाऱ्या प्राण्याची बाजू तेथे कोणी मांडत नाही.

ती बाजू महाभारतात दोनदा मांडली गेली आहे आणि दोन्ही स्थळे आजच्या चर्चेच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची आहेत. आदिपर्वात हरणाच्या रूपात रममाण झालेल्या किंदम ऋषीला पांडूचा बाण लागतो. हरणे मारणे हा राजांचा धर्म आहे, अगस्त्यानेही रानातील मृग मारले होते, असे समर्थन पांडू करतो. त्यावर किंदमाचे उत्तर असे की, मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण मैथुन संपेपर्यंत तू थांबायला हवे होतेस. येथे हत्येला नकार नाही, काळाची मर्यादा मात्र आहे. विणीच्या हंगामात शिकारबंदी घालणाऱ्या पुढील काळातील नियमांमागेही हेच तत्त्व आहे. दुसरे स्थळ वनपर्वातील मृगस्वप्नाचे. द्वैतवनातील उरलीसुरली हरणे युधिष्ठिराच्या स्वप्नात येऊन सांगतात की, आम्ही आता केवळ बीजापुरते उरलो आहोत. आमचा वंश पुन्हा वाढावा म्हणून तुम्ही मुक्काम हलवा. पांडव काम्यकवनात निघून जातात. हा भाग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतही राखलेला आहे, त्यामुळे तो अगदी अलीकडची भर ठरत नाही. प्राण्याच्या वैयक्तिक दुःखाची आणि समूहाच्या टिकण्याची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाण या दोन कथांत दिसते.

अशोकाने याहून पुढचे पाऊल टाकले. पूर्वीचे राजे मृगया व तत्सम करमणुकींसाठी विहारयात्रा काढीत. अभिषेकाच्या दहाव्या वर्षी आपण संबोधीला (बोधगयेला) गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असे त्याचा आठवा गिरिलेख सांगतो. अभिषेकाचे वर्ष सामान्यतः इ. स. पू. २६९–२६८ धरले जाते. या आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) सोपारा येथे सापडला व तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. कंदाहारच्या ग्रीक-अरामाईक लेखात राजाच्या शिकाऱ्यांनी व कोळ्यांनी आपले काम थांबवल्याचा उल्लेख येतो. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी असून गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांखालील पिले मारू नयेत, अशी आज्ञा आहे. यादीतील बऱ्याच नावांची ओळख अनिश्चित आहे. तीत पोपट, हंस, वटवाघूळ, कासव असे परस्परांशी संबंध नसलेले जीव एकत्र येतात. कोणते प्राणी का निवडले याचे एकच कारण शोधण्याचे प्रयत्न पटण्याजोगे वाटत नाहीत.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (सु. ११२९–३१) मृगया ही राजाचा विनोद (करमणूक) म्हणून येते. कुमाऊँच्या रुद्रदेवाच्या श्यैनिकशास्त्रात (ससाण्यांकरवी करायच्या शिकारीवरील ग्रंथात) तर व्यसनांची मर्यादेत राहून पाठराखणच केली आहे. या ग्रंथाचा काळ तेरावे ते सोळावे शतक असा सैलपणे सांगतात. ससाण्यांची फारसी वळणाची नावे पाहता त्यातील उत्तरार्ध अधिक संभवतो.

भटक्या जमातींचे संकेत : राजांच्या मृगयेवर ग्रंथ झाले, पण पोटासाठी शिकार करणाऱ्यांचे नियम तोंडीच राहिले. महाराष्ट्रातील फासेपारधी, वैदू व तिरुमल नंदीवाले यांचा मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास म्हणून मोलाचा आहे. एकाच मुलखात फिरणाऱ्या या तीन जमातींची शिकार बरीच वेगळी असे. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर, साळिंदर व घोरपड धरीत. वैदू सापळ्यांनी मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान मांसभक्षक पकडीत, शिवाय मासे, खेकडे, कासवे धरीत. फासेपारधी काळवीट, मोर, तितर व लावे फाशात अडकवीत. फाशात सापडलेले पाडस किंवा गाभण हरणी सोडून देण्याची फासेपारध्यांची रीतही नोंदली गेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने यांपैकी अनेकांवर शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पुढे शिकारीवर पूर्ण बंदी आली तेव्हा त्यांच्या उपजीविकेचा विचार झाला नाही. शिकारीच्या नीतीविषयी बोलताना हा अन्याय वगळता येत नाही.

संस्थानी व ब्रिटिश काळ : या काळात खेळ म्हणून केलेली शिकार आणि उपद्रवी प्राण्यांचा नायनाट या दोन गोष्टी बरोबरीने चालल्या. वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्यांस सरकारी इनाम मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी अशा नोंदींवरून १८७५ ते १९२५ या काळात ८०,००० वर वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेल्याचा अंदाज दिला आहे. साहेबी शिकारीचे संकेतही होते : मादी व पिले वगळावीत, पाणवठ्यावर गोळी घालू नये आणि जखमी जनावराचा माग काढून ते संपवल्याशिवाय परतू नये. शेवटचा संकेत सर्वांत कठोरपणे पाळला जाई, कारण जखमी वाघ पुढे माणसांवर उलटण्याची भीती असे. कोल्हापूर व भावनगर संस्थानांत चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होई. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर दोन्ही संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणले. कोल्हापूरचे दाजीपूर हे शिकारीचे राखीव रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकार बंद झाली आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले.

कायदा : १८८७ व १९१२ चे पक्षी-प्राणी संरक्षणाचे कायदे आणि मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा हे मुख्यतः हंगाम व परवाने ठरवणारे होते. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची महासभा भरली, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम झाला व १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पात मेळघाटचा समावेश झाला. मूळ अधिनियमात शिकारीचे परवाने शिल्लक होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. विशेष, मोठी व लहान शिकार आणि प्राणी पकडणे अशा चार प्रकारचे ते परवाने १९९१ च्या दुरुस्तीने गेले.

आजच्या वादाचे मूळ कलम ११, १२ आणि ६२ यांच्या परस्परसंबंधात आहे. कलम ११ नुसार अनुसूची १ (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) मधील प्राणी मानवी जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका आजारी वा अपंग असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन शिकारीची परवानगी देऊ शकतो. तो पकडता, बेशुद्ध करता किंवा अन्यत्र हलवता येणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. अनुसूची २ मधील प्राण्यांबाबत उभ्या पिकासह मालमत्तेला होणारा धोकाही पुरेसा ठरतो. स्वसंरक्षणार्थ सद्भावनेने केलेली हत्या गुन्हा नाही. मारलेला प्राणी मात्र सरकारी मालमत्ता होतो.

कलम १२ मध्ये शिक्षण, संशोधन आणि ‘वैज्ञानिक व्यवस्थापन’ यांसाठी परवानगीची तरतूद आहे. १९८२ च्या दुरुस्तीने या व्यवस्थापनाचा अर्थ प्राण्यांचे स्थलांतर, किंवा न मारता, विष न घालता व नष्ट न करता केलेले संख्येचे नियोजन असा बांधून दिला. याचा परिणाम दूरगामी आहे. युरोप-अमेरिकेत ठरावीक संख्येने प्राणी मारणे हे व्यवस्थापनाचे नित्याचे साधन आहे. भारतीय कायद्यात मात्र मारणे हे व्यवस्थापनात बसतच नाही. ते कलम ११ खालचा अपवाद म्हणून येते, नाहीतर कलम ६२ खाली. या कलमान्वये केंद्र सरकार ठरावीक प्रदेशात ठरावीक मुदतीसाठी एखादी जात उपद्रवी म्हणून घोषित करते आणि मग त्या जातीच्या प्राण्याला मारण्यास परवानगीच लागत नाही. कलम ११ एकेका प्राण्याचा, किंवा अनुसूची २ बाबत ठरावीक भागातील गटाचा, दोष पाहते; कलम ६२ सगळ्या जातीचे संरक्षण काढून घेते.  २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३) सहा अनुसूचींच्या चार झाल्या व उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची गेली, पण कलम ६२ कायम आहे.

विरोध व वाद : प्राणिकल्याणवादी संघटना प्रत्येक प्राण्याच्या वेदनेचा विचार प्रथम करतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याखालील प्राणी कल्याण मंडळ आणि सजीवांविषयी करुणा हे कर्तव्य मानणारे संविधानाचे कलम ५१ क (छ) हे त्यांचे आधार होत. संवर्धनवादी जात व अधिवास यांना प्राधान्य देतात, आणि त्यांच्यापैकी काहींना मर्यादित हत्या मान्य आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या नियंत्रित शिकारीस मुभा असावी, असे माधव गाडगीळ यांनी आग्रहाने मांडले. माणसांवर हल्ले करणारा वाघ तातडीने हटवणे हे एकूण व्याघ्रसंवर्धनाच्याच हिताचे, असे व्याघ्र-अभ्यासक उल्हास कारंथ यांचे मत आहे.

केंद्राने डिसेंबर २०१५ पासून बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि शिमला शहरात माकड यांना उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी सु. २५० नीलगायी मारल्या. तेव्हा केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या खात्यावर उघड टीका केली, तर राज्यांच्या मागणीवरूनच परवानगी दिली असा जावडेकरांचा खुलासा होता. प्राणिप्रेमींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली व केंद्राकडे निवेदन करण्यास सांगितले.

महाराष्ट्रात सर्वाधिक गाजलेले प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव भागातील टी-१ अर्थात अवनी वाघिणीचे. २०१६ पासूनचे तेरा मृत्यू वनखात्याने तिच्याशी जोडले. आधी बेशुद्ध करावे, न जमल्यास मारावे असा आदेश होता व सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ खासगी नेमबाजाच्या गोळीने ती मेली, तेव्हा तिचे दोन बछडे दहा महिन्यांच्या आसपास होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीला कार्यपद्धतीत गंभीर त्रुटी आढळल्या. विरोधकांचा आक्षेप मुख्यतः बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का यावर होता, आणि कलम ११ ची भाषा पाहता तो भावनिक म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याच वेळी, शेतात एकटे जायला दोन वर्षे धजावत नसलेल्या गावकऱ्यांची भीती तितकीच खरी होती.

पकडून दूर सोडणे हा अहिंसक म्हणून सुचवला जाणारा उपाय नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. जुन्नर भागातील बिबट्यांवर विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, स्थलांतरे वाढल्यावर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे दिसले. उसात जन्मलेल्या बिबट्याला डोंगरातील जंगल आपले वाटत नाही, तेथे आधीच दुसरा बिबट्या असतो, आणि नवख्या मुलखात त्याची माणसांशी गाठ अधिक पडते.

विदर्भात रोही (नीलगायी) आणि रानडुकरे हरभरा, तूर, सोयाबीन यांत उतरतात. शेतकरी माळ्यावर जागल करतो, परवडल्यास झटका मशीन (कुंपणात विजेचा सौम्य झटका देणारे यंत्र) बसवतो, आणि नुकसान झाल्यास पंचनाम्यासाठी वनखात्याकडे अर्ज करतो. परवानगी घेऊन रानडुक्कर मारण्याची सोय असली, तरी बंदूक व नेमबाज दोन्ही नसलेल्या अल्पभूधारकाला तिचा फारसा उपयोग होत नाही. काही जण कुंपणात थेट वीज सोडतात. त्यात रानडुकरांबरोबर वाघ, बिबटे आणि माणसेही मरतात. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. त्याआधी वाघाने तेथील गुरे मारली होती, आणि भरपाईच्या दिरंगाईचा प्रश्न त्या घटनेनंतर गोव्यात ऐरणीवर आला.