वाळू सगळ्यांची, वाट कुणाची?

कॅलिफोर्नियात ओल्या वाळूवरून चालणाऱ्याला कुणी हटकू शकत नाही. सरासरी भरतीच्या रेषेखालची पुळण तिथे राज्याच्या ताब्यात, म्हणजे सगळ्यांची. भांडण असतं ते रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूचं आणि तिथवर नेणाऱ्या वाटेचं. आपल्याकडे बांधावरच्या रस्त्यासाठी तहसीलदारापुढे जे दावे चालतात त्याच जातीचं. फक्त बैलगाडीच्या जागी काखेत सर्फबोर्ड.

या किनाऱ्यावरच्या सर्फिंगची सर्वात जुनी नोंद 1885 ची. शिकायला आलेल्या हवाईच्या तीन राजपुत्रांनी सांताक्रूझला सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या. तेव्हा वाट कुणाला विचारावी लागली नाही.

लॉस एंजेलिसजवळच्या मालिबूत मात्र विचारावी लागे. तिथला किनारा मैलोनमैल एकट्या रिंज कुटुंबाचा. 1905 मध्ये नवरा गेल्यावर मे रिंज यांनी फाटकं घातली, बंदूकधारी पहारेकरी नेमले आणि सरकारी रस्त्याविरुद्ध थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडल्या. 1923 मध्ये हरल्या. 1929 मध्ये हमरस्ता खुला झाला. पण कज्जेदलालीत हात रिकामे झाल्यामुळे त्यांनी समुद्रालगतचे तुकडे सिनेमावाल्यांना भाड्याने दिले होते. म्हणजे रस्ता आला तोवर समुद्रापुढे बंगल्यांची रांग लागायला सुरुवात झालेली! मालिबूच्या लाटा पुढे जगभर गाजल्या, गर्दी वाढली, तशा बंगल्यांमधल्या फटी बुजत गेल्या.

खरी कलाटणी 1970 ची. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांताक्रूझच्या एका खटल्यात सांगितलं, की लोक पाच वर्षं जमीन आपलीच समजून, परवानगी न मागता वापरत असतील आणि मालकाने अडवलं नसेल, तर ती वाट लोकांची. आपण ज्याला वहिवाट म्हणतो तीच ही. परिणाम उलटाच झाला. आजवर येऊ-जाऊ देणारे मालकही धास्तावून कुंपणं घालू लागले, आणि नव्या वहिवाटीला विधिमंडळाने लगेच लगाम घातला. ‘मालकाच्या परवानगीने ये-जा करता येईल, नागरी संहिता कलम 1008’ अशा पाट्या तिथे आजही दिसतात. वाट दिल्यासारखं दाखवायचं आणि हक्क तेवढा तयार होऊ द्यायचा नाही! कुणा वकिलाचं डोकं असेल, पण दाद द्यावीशी वाटते.

त्याच सुमारास उत्तरेकडे सोनोमा परगण्यात सी रँच या वसाहतीने सुमारे दहा मैल किनारा अडवला. लोक चिडले. 1972 च्या सार्वमतात प्रस्ताव 20 मंजूर झाला, किनारा आयोग आला आणि 1976 च्या कायद्याने तो कायमचा झाला. आता घर बांधायचं तर परवाना हवा, आणि आयोग परवान्याच्या बदल्यात समुद्रावर जाणारी गल्ली मागू लागला. एका बड्या चित्रपट-संगीत व्यावसायिकाने 1983 मध्ये मालिबूत अशी गल्ली कबूल केली. ती लोकांना खुली झाली 2005 मध्ये. मधल्या काळात 1987 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगालाही आवर घातला: बांधकामाने जे नुकसान होतं त्याच्याशी संबंध असेल तरच अट घाला. काही मालिबूकरांनी दुसराच मार्ग काढला. गाड्या लागू नयेत म्हणून गॅरेज नसलेल्या भिंतीला गॅरेजची खोटी दारं!

सर्वात गाजलेलं प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या खाली हाफ मून बे या गावाच्या दक्षिणेकडच्या मार्टिन्स बीचचं. जुने मालक पार्किंगचे पैसे घेत आणि सगळ्यांना खाली सोडत. 2008 मध्ये सिलिकॉन व्हॅलीतले अब्जाधीश गुंतवणूकदार विनोद खोसला यांनी (जन्म पुण्याचा) ही जागा सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास घेतली आणि पुढे फाटक बंद झालं. किनाऱ्यांसाठी झगडणारी सर्फरायडर संस्था कोर्टात गेली. तिचा मुद्दा साधा होता: फाटक लावणं हेही किनारा कायद्यानुसार ‘विकास’ आहे, कारण त्याने पाण्यापर्यंतची ये-जा बदलते; तेव्हा परवाना दाखवा. 2017 मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केलं, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

निकाल परवान्यापुरता होता. वाट कुणाची, हे त्यात ठरलं नाही. म्हणून 2020 मध्ये राज्याने नवा दावा लावला. त्याचा आधार पुन्हा वहिवाटच: पूर्वी कोण कधी या उतारावरून मासे धरायला, पोहायला, लाटा घ्यायला उतरलं होतं, याचा पुरावा.