टेस्टर–डेव्हलपर सहकार्य

एकाच सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या टेस्टर आणि डेव्हलपर यांच्यातले कामाचे नाते, आणि ते सुधारण्यासाठी रूढ झालेल्या पद्धती. डेव्हलपर प्रोग्राम चालावा म्हणून लिहितो. टेस्टर तो कुठे आणि कशाने कोलमडतो हे शोधतो. टेस्टरने काम चोख केले की डेव्हलपरचे काम वाढते, तेही बहुधा रिलीज (सॉफ्टवेअर वापरकर्त्यांच्या हाती देणे) तोंडावर आलेले असताना. त्यामुळे दोघेही सज्जन आणि कामात वाकबगार असले तरी खटके उडतात. त्याचे खापर सहसा एकमेकांच्या स्वभावावर फोडले जाते. प्रत्यक्षात मूळ कामाच्या मांडणीत असते. दोघांचे बोलणे कधी होते, सापडलेला बग (प्रोग्राममधली चूक) कसा नोंदवला जातो आणि दोघांचे मूल्यमापन कशावर होते, यावर हे नाते बव्हंशी ठरते.

दोन वाटा कशा झाल्या

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात प्रोग्राम लिहिणारेच तो तपासत. १९७९ साली सॉफ्टवेअर टेस्टिंगवर लिहिणारे ग्लेनफर्ड मायर्स यांनी टेस्टिंगची व्याख्या 'चुका शोधण्याच्या हेतूने प्रोग्राम चालवणे' अशी केली आणि प्रोग्रामरने स्वतःचा प्रोग्राम स्वतःच तपासणे टाळावे असे सांगितले. आपण उभे केलेले पाडायला मन धजत नाही. शिवाय गरज समजून घेतानाच गफलत झाली असेल, तर तपासतानाही तीच गफलत कायम राहते. स्वतंत्र टेस्टिंग टीम ठेवण्यामागचा हा युक्तिवाद आजही पटण्यासारखा आहे. त्याआधी १९७१ मध्ये संगणकतज्ज्ञ जेराल्ड वाइनबर्ग यांनी अहंकारविरहित प्रोग्रामिंगचा विचार मांडला होता. प्रोग्राम म्हणजे प्रोग्रामर नव्हे; तो इतरांनी वाचावा, त्यातली चूक कोणी दाखवली तर ती मनाला लावून घेऊ नये. मायर्स यांचे म्हणणे अमलात आणायला वेगळा विभाग काढला की भागते. वाइनबर्ग यांचे म्हणणे अमलात आणायला सवयी बदलाव्या लागतात, आणि ते काम बऱ्याच ठिकाणी अर्धवट राहिलेले दिसते.

एक टप्पा संपल्यावरच पुढचा सुरू करणाऱ्या वॉटरफॉल पद्धतीने दुरावा वाढवला. तिच्यात टेस्टिंगचा क्रमांक शेवटी. आधीचे टप्पे लांबतात, रिलीजची तारीख हलत नाही, मग टेस्टिंगचे दिवस कापले जातात. डेव्हलपर तोवर पुढच्या मॉड्यूलमध्ये गुंतलेला असतो आणि त्याच्यापुढे जुन्या कोडवरचे बग येऊन पडतात. 'हे तेव्हाच का नाही सांगितलंत?' या त्याच्या प्रश्नाला टेस्टरकडे एकच उत्तर असते: बिल्डच (चालवून पाहण्याजोगी आवृत्ती) आत्ता हाती आला.

बगची नोंद

नात्याची रोजची परीक्षा इथे होते. १९९८ मध्ये बगझिला आणि २००२ मध्ये जिरा ही बग नोंदवून त्यांचा माग ठेवणारी साधने आली आणि दोघांमधला बराचसा संवाद अशा ट्रॅकरमध्ये गेला. काहीही हरवत नाही हा मोठा फायदा झाला. पण समोरासमोर जो शब्द कोणी वापरणार नाही तो लिहिताना सहज वापरला जाऊ लागला.

'पेमेंट होत नाही. अर्जंट.' अशी नोंद आली की 'माझ्या मशीनवर चालतंय' असे म्हणून ती बंद होते, टेस्टर ती रिओपन करतो आणि दोन दिवस त्यातच जातात. तीच गोष्ट अशी लिहिता येते: 'कार्टमध्ये दोन वस्तू टाकल्या. पेमेंटच्या पानावरून ब्राउझरचे बॅक बटण दाबून मागे आलो, एक वस्तू काढली, पुन्हा पेमेंटला गेलो. अपेक्षित: एका वस्तूची रक्कम. प्रत्यक्षात: दोन्ही वस्तूंची रक्कम कापली जाते. पाचपैकी पाच वेळा घडले. बॅक न दाबता कार्टच्या बटणाने मागे आलो तर घडत नाही.' सोबत बिल्डचा क्रमांक आणि लॉग (प्रोग्रामने ठेवलेली घडामोडींची नोंद). यातले बॅक न दाबण्याबद्दलचे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. बग कुठल्या परिस्थितीत येत नाही हे कळले की डेव्हलपरचा शोध निम्म्यावर येतो, आणि टेस्टरने आपल्यासाठी कष्ट घेतले आहेत हेही त्याला दिसते. नोंदीत 'तुम्ही चुकीचे लिहिले' असे कुठेच नाही. काय केले आणि काय झाले एवढेच आहे.

'इथे तसं होत नाही' या उत्तरावर थांबणे किती महाग पडू शकते हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या इतिहासात दिसते. १९८५ ते १९८७ या काळात त्यातून रुग्णांना किरणांचा प्रचंड जादा डोस गेल्याचे सहा अपघात नोंदले गेले. काही रुग्ण दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर येथील रुग्णालयात अपघात झाला तेव्हा पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढाच संदेश होता. उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांनी तपासले, पण त्यांना तो पुन्हा घडवता आला नाही. यंत्र परत वापरात आले आणि एप्रिलमध्ये तिथेच दुसरा अपघात झाला. मग रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर यांनी तीच कृती पुन्हापुन्हा करून पाहिली. सरावाच्या हाताने माहिती भरून, किरणांचा प्रकार चुकला म्हणून कर्सर वर नेऊन तो आठ सेकंदांच्या आत बदलला, की बिघाड होत होता. कंपनीच्या अभियंत्यालाही तो सुरुवातीला साधला नाही. टंकन झरझर व्हायला हवे हे सांगितल्यावर साधला. अशा वेळी कुणाचे बरोबर हा वाद निरर्थक असतो. एका स्क्रीनसमोर दोघांनी बसणे हाच उपाय.

डेव्हलपरकडूनही काही गोष्टी अपेक्षित असतात. लॉगिनच होत नाही असा बिल्ड दिला तर टेस्टरचा दिवस वाया जातो. म्हणून युनिट टेस्ट (कोडच्या सुट्या भागांच्या छोट्या चाचण्या) आणि वापराचा मुख्य मार्ग स्वतः चालवून पाहणे हे सौजन्य आहे. या बिल्डमध्ये काय बदलले, कुठल्या भागाची स्वतःलाच धाकधूक आहे, हे सांगितले तर टेस्टिंग नेमक्या जागी होते. बग नाकारायचा असेल तर कारण लिहून नाकारावा. नुसता 'अ‍ॅज डिझाइन्ड' (ठरवल्याप्रमाणेच आहे) हा शेरा हात झटकल्यासारखा वाटतो.

कोड लिहिण्याआधीचे बोलणे

छोट्या टप्प्यांत काम करण्याचा पुरस्कार करणाऱ्या २००१ च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यानंतर टेस्टर स्प्रिंटच्या (अशा एका टप्प्याच्या) पहिल्या दिवसापासून टीममध्ये बसू लागला. 'थ्री अमिगोज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बैठकीत गरज मांडणारा, डेव्हलपर आणि टेस्टर असे तिघे एखाद्या स्टोरीवर (वापरकर्त्याच्या एका छोट्या गरजेवर) आधीच बोलतात. पासवर्ड बदलण्याची लिंक ईमेलने पाठवायची, एवढीच स्टोरी असते. टेस्टर विचारतो, लिंक दोनदा दाबली तर? दुसरी लिंक मागवली की पहिली रद्द होते का? खाते नसलेला पत्ता टाकला तर संदेश काय दाखवायचा, कारण त्यावरून कुणाचे खाते आहे हे परक्याला कळेल? हेच प्रश्न महिन्याभराने विचारले असते तर ते बग ठरले असते. आत्ता ते डिझाइनमधली मदत ठरतात. डॅन नॉर्थ यांच्या वर्तनाधारित विकासपद्धतीने अशा बोलण्याला 'अशी परिस्थिती असताना, असे केल्यावर, असे घडावे' हा साचा दिला. ती उदाहरणे पुढे ऑटोमेटेड टेस्ट म्हणून वापरता येतात. साचा उपयोगी आहे, पण बैठक न घेता टेस्टरने एकट्याने भरला तर त्यातला मुख्य लाभच जातो.

मोजमाप

व्यवस्थापनाच्या हातून नाते सर्वाधिक बिघडते ते इथे. टेस्टरची कामगिरी बगच्या संख्येवर मोजली की किरकोळ बगांचा पाऊस पडतो; डेव्हलपरची त्याच संख्येवर मोजली की हा बग आहे की नवी मागणी, यावर वाद रंगतात. ग्राहकाकडे बग निसटला की 'टेस्टिंगमध्ये कसा सुटला?' हा पहिला प्रश्न असतो. टेस्टिंगने बग आहेत हे दाखवता येते, ते नाहीत हे कधीच सिद्ध करता येत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी म्हटले होते. त्यामुळे टेस्टरला गुणवत्तेचा एकमेव द्वारपाल करणे अन्यायाचे आहे. बग शिरला कुठे आणि कुठल्या टप्प्यावर दिसायला हवा होता, हे दोषारोप न करता सर्वांनी मिळून पाहणे ही त्याहून चांगली रीत. टेस्टिंगचे अभ्यासक केम केनर यांनी टेस्टरच्या बाजूने मांडलेला विचारही इथे महत्त्वाचा आहे. बग नोंदवल्यावर त्याचे गांभीर्य पटवून देणे हेही टेस्टरचे कौशल्य आहे.

जवळीक आणि स्वतंत्र नजर

मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारास अनेक विभागांत टेस्टर आणि डेव्हलपर या दोन भूमिका एकत्र केल्या आणि टेस्टिंगची जबाबदारी कोड लिहिणाऱ्यांवरच आली. यात हेलपाटे वाचतात, पण मायर्स यांनी दाखवलेला धोका परत येतो. फार घट्ट मैत्रीतही तो असतोच: मित्राला रिलीजच्या रात्री अडवायला जीव होत नाही. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीचे डीओ-१७८सी हे मानक अतिमहत्त्वाच्या स्तरांवर ठरावीक पडताळण्या स्वतंत्रपणे व्हाव्यात असे बंधन घालते, म्हणजे तो भाग लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने त्या करायच्या. या दोघांनी एकमेकांशी बोलू नये, असे मात्र त्यात कुठे म्हटलेले नाही.