सहलीचा खर्च, कार्ड आणि हप्ते: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सहलीची चौकशी करायला येणारी मंडळी आधी ठिकाण विचारतात, मग तारखा, मग जेवणाचं कसं काय. पैसे कसे भरायचे हा विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही उठता उठता: "कार्ड चालेल ना? हप्ते होतील ना?" कार्ड चालतं आणि हप्तेही होतात. मात्र त्यातून काय काय मागे लागतं, हे बुकिंगच्या घाईत नीट सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी नेऊन निवांत वाचा, आणि घरातल्या ज्या व्यक्तीच्या नावावर कार्ड आहे तिलाही वाचायला द्या.

आमचं मत आधीच सांगतो. फिरायला जाण्यासाठी कर्ज काढू नये. कार्ड जरूर वापरावं, पण बिल आलं की पूर्ण भरता येईल एवढंच. या मतामुळे एखादं बुकिंग पुढच्या हंगामावर जातं. ते आम्हाला चालतं, कारण कर्जाच्या ओझ्याखाली आलेला प्रवासी दुसऱ्यांदा सहलीला येत नाही.

बिलाची तारीख ओळखा

प्रत्येक क्रेडिट कार्डाला दोन तारखा असतात: बिल तयार होण्याची आणि पैसे भरण्याची. समजा तुमचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि २५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ६ तारखेला विमानाचं तिकीट काढलंत, तर ते पुढच्या महिन्याच्या बिलात येईल आणि तुम्हाला जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळतील. तेच तिकीट ४ तारखेला काढलंत, तर हातात तीन आठवडे उरतील. म्हणून आगाऊ रक्कम भरायला येण्याआधी बँकेच्या ॲपवर बिलाची तारीख बघून या. दोन दिवस थांबून तुमची सोय होत असेल, तर तेवढे दिवस जागा राखून ठेवण्याचा प्रयत्न आम्ही करतो.

दुसरी गोष्ट, सहलीचा मोठा खर्च निघण्याच्या बराच आधी होतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी खुलं व्हायचं), विमानाची तिकिटं तर त्याहूनही आधी काढावी लागतात. या खर्चाचं बिल तुम्ही गाडीत बसण्याआधीच येऊन भरून झालेलं असावं. परतल्यावर फक्त प्रवासातल्या खरेदीचं बिल यावं.

पैसे भरण्याची तारीख नेमकी सहलीच्या मध्ये येत असेल, तर निघण्यापूर्वी खात्यातून आपोआप पूर्ण रक्कम जाण्याची सूचना बँकेला देऊन ठेवा. सूचना देताना 'पूर्ण रक्कम' हाच पर्याय निवडा. त्याच्या शेजारीच 'किमान रक्कम' असते आणि घोळ तिथेच होतो.

'किमान रक्कम' म्हणजे काय, हे आकड्यांत

बिलावर दोन आकडे असतात. एक मोठा, एक छोटा. छोटा भरला की विलंब शुल्क लागत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की आपण वेळेवर पैसे भरले. बँकेच्या लेखी मात्र उरलेली रक्कम व्याजाने घेतलेली असते.

समजा सहलीचे १,२०,००० रुपये कार्डावर भरले आणि बिल आल्यावर किमान रक्कम म्हणून ५ टक्के, म्हणजे ६,००० रुपये भरले. उरले १,१४,०००. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एका महिन्याचं व्याज ३,९९० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७१८ रुपये. एकूण सुमारे ४,७०० रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा साधारण सहा हजार भरलेत, तर त्यातले पावणेपाच हजार व्याजातच जातात आणि मूळ रकमेतून हजार-बाराशे रुपये कमी होतात. वर्षाचा हिशेब केला तर हा दर ४२ टक्के पडतो. शिवाय व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजतात.

याहून जास्त नुकसान एका गोष्टीने होतं, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. सहलीची बाकी कार्डावर असताना त्याच कार्डाने किराणा भरलात, पेट्रोल टाकलंत, मुलांची फी भरलीत, तर त्या प्रत्येक रुपयाला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. अशा वेळी ते कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा आणि बाकी फिटेपर्यंत रोजचा व्यवहार रोख किंवा खात्यातून करा.

बाकी एकदम फेडता येत नसेल, तर कार्डावर लोळवत ठेवण्यापेक्षा बँकेचं वैयक्तिक कर्ज घेऊन ती एकदाच मिटवणं स्वस्त पडतं. एक लाख रुपये १४ टक्के दराने वर्षभरासाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ८,९७९ रुपये येतो आणि वर्षाचं एकूण व्याज ७,७४५ रुपये होतं. प्रक्रिया शुल्क वेगळं. कर्ज देण्यापूर्वी बँकेने किंवा वित्तसंस्थेने सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेलं एक मुख्य माहितीचं पान द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मागा आणि सही करण्याआधी वाचा. हा मार्ग आधीच अडकलेल्यांसाठी आहे, नवी सहल आखणाऱ्यांसाठी नाही.

'बिनव्याजी हप्ते'

यात व्याज असतंच. तेवढी सूट किमतीत आधी दिलेली असते आणि मग हप्त्यांतून ते व्याज वसूल होतं. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. हप्त्यांची पूर्ण रक्कम कार्डाच्या मर्यादेतून अडकते आणि हप्ता फिटेल तशी थोडी थोडी मोकळी होते. म्हणजे परदेशात दवाखान्याची वेळ आली तर कार्डावर हवी तेवढी जागा उरलेली नसते.

सहल रद्द झाली तर काय? परतावा कार्डावर जमा होतो, पण हप्ते आपोआप थांबत नाहीत. बँकेला कळवून ते बंद करून घ्यावे लागतात, आणि भरलेलं शुल्क परत मिळत नाही. आमच्याकडून रद्द झालेल्या सहलीचा परतावा निघाला की आम्ही तुम्हाला फोन करतो. त्याच दिवशी बँकेशी बोला.

हप्तेच भरायचे असतील तर सहलीच्या आधी स्वतःला भरा. १,२०,००० रुपयांच्या सहलीसाठी वर्षभर दरमहा १०,००० रुपयांचं आवर्ती खातं उघडलंत, तर वर वर्षअखेर थोडं व्याज तुम्हालाच मिळतं. भिशीचे पैसे ज्या महिन्यात मिळणार असतील तो महिना धरून सहल ठरवणाऱ्या आमच्या महिला गटांची पद्धत आम्हाला फार आवडते. बाराजणी एकत्र जातात आणि कुणाच्याही डोक्यावर एक रुपया राहत नाही.

सिबिल आणि सहल

घराचं किंवा मुलांच्या शिक्षणाचं कर्ज येत्या वर्षभरात काढायचं असेल, तर हा भाग लक्षपूर्वक वाचा. पतगुणांक, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण, ३०० ते ९०० मध्ये असतो. सगळे त्याला सिबिल म्हणतात, पण भारतात अशा चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवा. न घेतलेलं कर्ज नावावर दिसणं, फेडलेलं कर्ज चालू दिसणं, असे प्रकार आढळतात आणि दुरुस्तीला वेळ लागतो.

सहलीच्या नादात गुणांक घसरतो तो मुख्यतः तीन कारणांनी. हप्ता चुकणं हे पहिलं. दुसरं, कार्डाच्या मर्यादेचा मोठा हिस्सा सतत वापरलेला दिसणं. आणि तिसरं म्हणजे सवलत मिळते म्हणून पंधरा दिवसांत तीन-चार ठिकाणी नव्या कार्डासाठी किंवा झटपट कर्जासाठी अर्ज करणं. तिकिटाच्या ॲपवर 'आत्ता फिरा, पैसे नंतर' असं बटण येतं, तेही बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्जच असतं आणि अहवालात तसंच उमटतं.

मेहुण्याच्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर तेही तुमच्या अहवालात दिसतं. मुलाला पुरवणी कार्ड दिलंत, तर त्याचा सगळा खर्च तुमच्या नावावर. आणि थकलेल्या कार्डावर बँकेशी 'तडजोड' करून कमी पैशांत प्रकरण मिटवलंत, तरी अहवालात ते 'पूर्ण फेडलं' असं न लिहिता 'तडजोड' असं लिहिलं जातं. पुढचा कर्ज अधिकारी ते बघतो.

व्हिसासाठी बँकेचं खातेपत्रक लागतं. अर्जाच्या आठवडाभर आधी उसनवार करून खात्यात एकरकमी दोन-तीन लाख टाकू नका. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी खातेपत्रक तपासणाऱ्याला अशी अचानक आलेली रक्कम लगेच दिसते, तिचा खुलासा मागितला जातो आणि अर्ज फेटाळला गेला तर शुल्क परत मिळत नाही. नियमित पगार किंवा पेन्शन, सावकाश वाढलेली शिल्लक आणि प्राप्तिकर विवरणपत्र, एवढं पुष्कळ असतं. याच व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमाही लागतो. तो आमच्याकडून घ्या किंवा बाहेरून घ्या, पण मधुमेह, रक्तदाब लपवून घेऊ नका. दावा तिथेच अडतो.

परदेशात गेल्यावर

नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपवर ते चालू करावे लागतात आणि तिथेच दिवसाची मर्यादाही ठरवता येते. निघण्याच्या आदल्या दिवशी चालू करा. परदेशी यंत्रावर पिन लागू शकतो, तेव्हा तो आठवत असल्याची खात्री करून घ्या.

दुकानदार यंत्र पुढे करतो आणि विचारतो, रुपयांत घेऊ की युरोत? रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून आपण रुपये म्हणतो. तसं करू नका. रुपयांत बदलण्याचा दर तिथली कंपनी स्वतः ठरवते आणि तो महाग असतो. नेहमी त्या देशाच्याच चलनात भरा. एटीएमच्या पडद्यावरही हाच प्रश्न येतो, तिथेही हेच उत्तर.

तुमची बँक चलन बदलण्याचं शुल्क लावते ते वेगळं. बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी असं असतं. ५०,००० रुपयांच्या खरेदीवर २,०६५ रुपये झाले. कमी शुल्काची कार्डंही आहेत. आधीच चलन भरून नेण्याचं फॉरेक्स कार्ड घेतलंत तर भरलेल्या दिवशीचा दर कायम राहतो, मात्र ज्या चलनाचं कार्ड आहे त्याच चलनात खर्च करा. रोख परकीय चलन बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं, बाकी कार्डावर. सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स इथे काही ठिकाणी आपलं यूपीआय चालतं. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणं शक्यतो टाळाच. काढल्या क्षणापासून व्याज आणि वर रोख काढण्याचं शुल्क. अडचण आलीच तर डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड वापरा.

हॉटेल किंवा भाड्याची मोटार घेताना कार्डावर ठेव म्हणून काही रक्कम अडकवतात. पैसे कापले जात नाहीत, पण तेवढी मर्यादा मोकळी व्हायला सहल संपल्यावर काही दिवस जातात. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसेच अडकतात. म्हणून ठेवीसाठी क्रेडिट कार्ड द्या आणि मर्यादेत तेवढी जागा ठेवा. दोन कार्डं न्या, वेगवेगळ्या पिशव्यांत.

कार्ड हरवलं किंवा न केलेला व्यवहार दिसला, तर आधी ॲपवरून कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा, मग आमच्या सहल व्यवस्थापकाला सांगा. चूक तुमची वा बँकेची नसून बाहेरच्या कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुमच्यावर भार येत नाही. उशीर झाला की जबाबदारी वाढत जाते. भारतात असताना फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावरही लगेच तक्रार नोंदवा.

पॉइंट आणि लाउंज

कार्डावरच्या खर्चाचे पॉइंट मिळतात तेवढे घ्या, त्यासाठी खर्च वाढवू नका. एका महिन्याचं व्याज कित्येक महिन्यांचे पॉइंट खाऊन टाकतं. विमानतळावरच्या लाउंजसाठी बऱ्याच कार्डांना मागच्या तिमाहीत ठराविक खर्च झालेला असावा लागतो. घरूनच बघून निघा, रांगेत उभं राहून कळायला नको.

आमच्याकडे पैसे भरताना

पैसे फक्त आमच्या फर्मच्या चालू खात्यात किंवा कार्यालयातल्या यंत्रावर भरा. आमचा कोणीही माणूस फोनवर ओटीपी मागत नाही. सहल दूरची आणि रक्कम मोठी असेल तर कार्डाने भरण्याचा एक फायदा आहे: सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध दाद मागता येते. गो फर्स्टची विमानं ३ मे २०२३ पासून उडायची थांबली तेव्हा तिकिटांच्या परताव्यासाठी अनेकांनी हा मार्ग धरला. हा हक्क आमच्याविरुद्धही तुम्हाला आहे.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर आम्हाला टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, घ्यावाच लागतो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर आम्ही कोटेशनवर वेगळा लिहून देतो. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि प्राप्तिकर खात्याच्या तुमच्या करपत्रकात दिसते. कर देय असेल तर त्यातून वळती होते, नसेल तर परत मिळते. पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. निवृत्त काका-काकू "आम्हाला कर लागतच नाही" म्हणून विवरणपत्र भरत नाहीत आणि त्यांचे पैसे सरकारकडे पडून राहतात. त्या वर्षी तेवढं विवरणपत्र भराच.

परत आल्यावर

त्याच आठवड्यात कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद करा. पुढची दोन बिलं ओळ न ओळ तपासा: हॉटेलची अडकलेली ठेव सुटली का, रद्द केलेल्या तिकिटाचा परतावा आला का, एकच व्यवहार दोनदा लागला का. फॉरेक्स कार्डावर उरलेलं चलन वर्षानुवर्षं ठेवू नका, रुपयांत परत करून घ्या. नको असलेलं क्रेडिट कार्ड बंद करायचं असेल तर बाकी शून्य करून अर्ज द्या. बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात. बिलातलं काही समजलं नाही तर छापील प्रत घेऊन कार्यालयात या, दुपारी चारनंतर गर्दी कमी असते. कार्ड नंबर झाकून आणा.