ग्रह मागे पडल्यावर

अंतराळयान एखाद्या ग्रहाच्या सर्वांत जवळ पोचलं की नियंत्रण कक्षात टाळ्यांचा कडकडाट होतो, फोटो जगभर झळकतात आणि बहुतेकांच्या लेखी मोहीम संपते. खरी मजा पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. फ्लायबायमध्ये यान ग्रहाभोवती फिरत राहत नाही, शेजारून सुसाट निघून जातं. पण जाताना ते मागे वळून पाहतं, आणि गेल्या साठ वर्षांत त्या वळून पाहण्यातून फार मोलाचं काही हाती लागलं आहे.

मुळात यान थांबत का नाही? वेगामुळे. 14 जुलै 2015 ला न्यू होरायझन्स प्लूटोजवळून गेलं ते सेकंदाला सुमारे 14 किलोमीटर वेगाने. एवढा वेग मारायला लागणारं इंधन सोबत न्यायचं म्हटलं असतं तर यान इतकं जड झालं असतं की साडेनऊ वर्षांत तिथे पोचलंच नसतं. शिवाय पृथ्वीवरून संदेश पोचायला साडेचार तास. त्यामुळे कॅमेरा कोणत्या क्षणी कुठे वळवायचा याच्या सगळ्या सूचना आधीच यानात भरलेल्या असतात. ऐनवेळी काही सुचलं तरी उपयोग नाही.

मरिनर 4 ने जुलै 1965 मध्ये मंगळाचे वीस-बावीस फोटो पाठवले. त्यांत विवरांनी भरलेली ओसाड जमीन दिसली आणि ते गाजले. त्याहून मोठी गोष्ट सव्वा तासाने घडली. पृथ्वीवरून पाहता यान मंगळाच्या आड गेलं, म्हणजे त्याचं पिधान झालं. आड जाताना आणि पुन्हा बाहेर येताना त्याच्या रेडिओ लहरी मंगळाच्या वातावरणातून आरपार आल्या आणि किंचित वाकल्या. किती वाकल्या त्यावरून पृष्ठभागाजवळचा दाब काढता आला: 4 ते 7 मिलिबार. पृथ्वीवर समुद्रसपाटीला तो 1013 मिलिबार असतो, आणि मंगळाबद्दलचे आधीचे अंदाज कित्येक पटींनी चढे होते. इतक्या विरळ हवेत अवजड यान नुसत्या पॅराशूटवर उतरवता येणार नाही, हे त्या मोजमापाने स्पष्ट केलं. त्यासाठी यानावर वेगळं उपकरणही लागलं नाही. संदेश पाठवणारा ट्रान्समीटरच पुरला.

व्हॉयेजर 1 ची गोष्ट तर आणखी बहारीची. 5 मार्च 1979 ला ते गुरूला ओलांडून गेलं. तीन दिवसांनी, सुमारे 45 लाख किलोमीटरवरून, त्याने वळून आयो या चंद्राचा फोटो घेतला. तो विज्ञानासाठी नव्हताच. मागचे मंद तारे दिसावेत आणि त्यांवरून यान नेमकं कुठे आहे हे ठरवता यावं, एवढाच हेतू. दिशादर्शन गटातल्या लिंडा मोराबिटो यांनी त्या फोटोची चमक वाढवली, तेव्हा आयोच्या कडेबाहेर एक फिकट उंचवटा दिसला. वातावरण जवळपास नसलेल्या चंद्रावर शेकडो किलोमीटर उंच ढग येणार कुठून? तो ज्वालामुखीचा उद्रेक होता, पृथ्वीबाहेर सापडलेला पहिला जागता ज्वालामुखी. गुरूच्या ओढाताणीमुळे आयोचं पोट तापत असणार असं भाकीत करणारा शोधनिबंध जेमतेम आठवड्यापूर्वी छापून आला होता! इतका चोख योगायोग विज्ञानात क्वचितच जुळतो.

मागून असं जास्त का दिसतं, याचं कारण प्रकाशात आहे. यान बाहेरच्या ग्रहाकडे जात असतं तेव्हा सूर्य साधारण पाठीशी असतो, आणि मोठे दगडधोंडे, बर्फाचे तुकडे उजळ दिसतात. ग्रह ओलांडला की सूर्य समोर येतो. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे बारीक कण आपल्यावर पडलेला प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेला पसरवतात, म्हणून धूळ चमकायला लागते. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेकडे तोंड करून पाहिलं की हवेतले कण झगमगतात, तसंच हे. गुरूचं पुसटसं कडं व्हॉयेजर 2 ला पलीकडून असंच लख्ख दिसलं. जानेवारी 1986 मध्ये युरेनसला मागे टाकल्यावर त्याने 96 सेकंदांचा एक फोटो घेतला. येताना जिथे बारीक, सुटी सुटी कडी दिसली होती, तिथे मधल्या जागा धुळीच्या पट्ट्यांनी भरलेल्या निघाल्या. शनीच्या एन्सेलेडस या चंद्रामधून उसळणारे बर्फकणांचे फवारे कॅसिनी यानाने 2005 मध्ये टिपले, तेही सूर्य समोर ठेवूनच.

अर्थात मागे वळणं दर वेळी साधतंच असं नाही. ऑगस्ट 1981 मध्ये शनीला ओलांडल्यानंतर लगेच व्हॉयेजर 2 चा कॅमेरा फिरवणारा भाग अडकला आणि बरेचसे ठरलेले फोटो हुकले. भरभर फिरवल्यामुळे वंगण कमी पडलं होतं. युरेनसपाशी मग तो जपून, हळू फिरवला. जोत्तो यानाला मार्च 1986 मध्ये हॅलेच्या धूमकेतूने परतीची नजर टाकूच दिली नाही. धुळीच्या माऱ्यात त्याचा कॅमेरा निकामी झाला.

प्लूटोला ओलांडल्यावर पंधरा मिनिटांत न्यू होरायझन्सने वळून पाहिलं, तर मावळतीच्या प्रकाशात बर्फाचे डोंगर आणि त्यांच्या वर धुरकट हवेचे एकावर एक थर. समोरून पाहताना हे थर असे उठून दिसलेच नसते. पण माझ्या मते सर्वांत चतुर फोटो त्याच यानाने 1 जानेवारी 2019 ला काढले, अ‍ॅरोकोथ या सुमारे 35 किलोमीटर लांबीच्या दूरच्या पिंडाचे. येतानाच्या फोटोंत दोन गोल गोळे चिकटलेले दिसले, आणि तसं जाहीरही झालं. मग जातानाचे फोटो पृथ्वीवर पोचले. ते धूसर होते आणि त्यांत पिंडाची फक्त एक बारीक कोर उजळलेली होती. अंधारी बाजू दिसत नव्हती, पण मागचे कोणते तारे झाकले जातात आणि कोणते नाही, यावरून तिची कड आखता आली. गोळे गोल नव्हतेच. मोठा तर चांगलाच चपटा निघाला. दोन्ही भागांचा चपटेपणा जवळपास एकाच प्रतलात आहे, त्यामुळे ते एकमेकांवर धाडकन आदळलेले नाहीत, एकमेकांभोवती फिरत फिरत हळूच टेकले असावेत, असं संशोधक मानतात. ग्रहांचे पहिले ठोकळे कसे जुळले, या जुन्या वादात हा पुरावा वजनदार ठरला.

ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल. गुरूच्या युरोपा या चंद्राजवळ किरणोत्सर्ग फार तीव्र आहे, म्हणून ते तिथे मुक्काम करणार नाही. गुरूभोवतीच्या लांबट कक्षेतून येऊन युरोपाला जवळपास 50 वेळा ओझरतं भेटेल. त्याचं अतिनील उपकरण युरोपाच्या कडेमागे जाणाऱ्या ताऱ्यांवर नजर ठेवेल. मावळताना ताऱ्याचा प्रकाश ठरावीक तरंगलांबींना मंदावला तर मधे पाण्याची वाफ आहे असं समजायचं. पुन्हा पिधानच! क्लिपरकडून एका फेरीत काही निसटलं तर पुढच्या फेरीत टिपता येईल. व्हॉयेजर 2 ला युरेनसपाशी ती सोय नव्हती, आणि त्यानंतर तिथे दुसरं यान गेलेलंही नाही.