संशोधन अनुदान घेतले की पेटंट सरकारजमा होते का?

संशोधनासाठी सरकारी पैसे घेतले की पेटंट सरकारजमा होते, आणि तसेही ते पैसे विद्यापीठांनाच मिळतात, असा समज लघुउद्योजकांत वर्षानुवर्षे आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ‘बायरॅक’ या सार्वजनिक कंपनीची ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) ही योजना पाहावी. तिच्यात एखादी कल्पना प्रत्यक्षात उतरू शकते हे सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळते. हे कर्ज नव्हे. नवउद्योगांप्रमाणेच एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. मात्र तिला मान्यताप्राप्त इन्क्युबेटरचा (नवउद्योगांना जागा, सुविधा व मार्गदर्शन पुरवणाऱ्या संस्थेचा) आधार घ्यावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातील ‘व्हेंचर सेंटर’ ही या योजनेची भागीदार संस्था आहे. संशोधनातून निर्माण होणारी बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंटसारखे हक्क, अनुदान घेणाऱ्याकडेच राहते.

भीतीचे मूळ बहुधा करारनाम्यातील अटींत असावे. रक्कम एकदम न मिळता ठरलेले टप्पे गाठल्यावर हप्त्यांनी मिळते, हिशेब व प्रगती अहवाल द्यावे लागतात, आणि हा जाच (तो आहेच) लोकांना मालकीहक्कावरील अतिक्रमण वाटतो. शिवाय सगळ्या योजना सारख्या नाहीत: केंद्राचेच तंत्रज्ञान विकास मंडळ मुख्यतः सवलतीच्या व्याजाचे कर्ज देते, आणि तेही तंत्रज्ञान बाजारात आणण्यासाठी. म्हणून अर्जापूर्वी करारनाम्याचा मसुदा मागून त्यातील बौद्धिक संपदेचे कलम स्वतः वाचावे.