कला-एकात्मिक अध्ययन

प्राथमिक वर्गात भाषा, गणित, परिसर अभ्यास हे विषय चित्र, गाणे, नाट्य, नृत्य आणि शरीराच्या हालचाली यांतून शिकण्या-शिकवण्याची पद्धती. चित्रकलेचा किंवा संगीताचा वेगळा तास यात मोडत नाही. तिथे कला हाच विषय असतो. धडा संपल्यावर फळाचे चित्र रंगवून घेणे पुष्कळदा याच नावाखाली खपते. पण ते चित्र काढून टाकले तरी धडा जसाच्या तसा उरत असेल, तर ती निव्वळ सजावट म्हणावी लागेल.

हालचालीचा खरा उपयोग गणितात दिसतो. जमिनीवर आखलेल्या संख्यारेषेवर पाच घरे पुढे आणि तीन घरे मागे उड्या मारणे ही पहिलीतली रुळलेली कृती. ठेक्यावर चालता चालता एका मात्रेत दोन, मग चार टाळ्या वाजवल्या की अर्धा आणि पाव कानाला कळतात. कोनाचा धडा अधिक बोलका आहे. भुजा लांब तर कोन मोठा, असा मुलांचा हमखास गैरसमज असतो. शिक्षक आणि एखादे मूल शेजारी उभे राहून दोन्ही हातांनी काटकोन करतात. हात लहान-मोठे, पण दोघांनी ते फाकवले तेवढेच. वर्ग वाद घालू लागतो आणि कोन म्हणजे वळण, हे त्या वादातूनच बाहेर येते. भाषेत नाट्यीकरणाची जागा आहे: एका मुलाला गोष्टीतले पात्र म्हणून खुर्चीवर बसवून वर्गाने प्रश्न विचारायचे. उत्तर देणाऱ्याला धडा पुन्हा वाचावाच लागतो.

जिनिव्हाचे संगीतशिक्षक एमिल झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी लय आधी अंगातून शिकवण्याची ‘युरिद्मिक्स’ पद्धती बसवली. भारतात रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली आणि गाणे, नाटक, ऋतूंचे उत्सव तिच्या दिनक्रमात आले. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत, हस्तोद्योगाशी इतर विषयांची सांगड घालण्याला ‘समवाय’ म्हणत. तिथे केंद्रस्थानी कलेपेक्षा उद्योग होता, तरी सेवाग्रामच्या आश्रमशाळेत कलाशिक्षक देवीप्रसाद यांनी चित्रकलेला शिक्षणात भक्कम जागा मिळवून दिली. बालशिक्षणात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला केलेले काम महत्त्वाचे. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. शाळेकडे न फिरकणाऱ्या मुलांसाठी वर्गच वस्तीच्या अंगणात गेला. गाणी, नाच, गोष्टी आणि आसपास मिळणाऱ्या वस्तू हेच तिथले साहित्य.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या पद्धतीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी, २०१९ पासून, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांत कला-एकात्मिक अध्ययन आणि पुढे त्याचे प्रकल्प आणले. राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्राच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी असल्याने इथली मुले पट्टचित्रावर, म्हणजे तिथल्या पारंपरिक चित्रशैलीवर, प्रकल्प करतात. कल्पना चांगली, मात्र घरी पालकांनी कार्डशीटवर छापील चित्रे चिकटवून दिली की त्यातले अध्ययन गळून पडते.

परिणामांबाबतचे दावे बरेचदा फुगवलेले असतात. अमेरिकेत एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कला शिकल्यामुळे इतर विषयांतले गुण वाढतात, असा सरसकट कार्यकारणभाव त्यांना आढळला नाही. मोजक्या अपवादांपैकी एक होता वर्गातील नाट्याचा: गोष्ट करून पाहणाऱ्या मुलांची भाषिक कौशल्ये सुधारली. गुणांच्या आधारे कलेचे समर्थन करूच नये, असे या दोघींचे मत आहे.

मूल्यमापन हा आजही कच्चा दुवा आहे. मुलाचा नाच कसा झाला याला गुण द्यायचे, की त्याला अपूर्णांक समजला का याला, हे शिक्षकाने कृतीआधी ठरवले नसेल तर गुण बहुधा वेशभूषेलाच पडतात.